चाळीस टनांचा पूल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वाळूने भरलेले चार ट्रक नदीवरच्या पुलाच्या मधल्या गाळ्यात येऊन उभे राहिले, आणि पूल जितका वाकायला हवा होता तितका वाकला नाही.

हिशोबाने तो एकतीस मिलिमीटर वाकायला हवा होता. वाकला एकोणीस.

पूल विभागाची इंजिनीअर गर्डरखाली बांधलेल्या परांचीवर गुडघे टेकून बसली होती. तिने डायलवरचा काटा तीनदा वाचला. मग पलीकडच्या डायलपाशी बसलेल्या मोजणीदाराला हाक मारली. मोजणीदार विभागातला सगळ्यांत जुना माणूस. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि ते सातही महिने तो रोज मोजत होता.

"काका, तुमच्याकडे किती?"

"एकोणीस."

"चष्मा लावून?"

"लावून एकोणीस. काढून बघतो बाई, वाढला तर सांगतो."

पूल कमी वाकला ही खरं तर आनंदाची गोष्ट. पण कागद आणि लोखंड यांचं पटत नसेल तर दोघांपैकी एक जण खोटं बोलत असतो, आणि लोखंडाला खोटं बोलायचं काही कारण नसतं. इंजिनीअरने पोलादाची जाडी मोजायचं यंत्र मागवून घेतलं आणि गर्डरच्या खालच्या पट्टीला लावलं. नकाशात ही पट्टी बावीस मिलिमीटरची होती. यंत्राने छत्तीस दाखवले.

एखाद्या दुसऱ्या महिन्यात हे घडलं असतं तर तिने शांतपणे पत्र लिहिलं असतं. पण गुरुवारी दुपारी चार वाजता संयुक्त समितीची बैठक होती. उत्तरेच्या शेजाऱ्याशी मागच्या वर्षी संरक्षणाचा करार झाला होता: एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने मदतीला धावून यायचं. अडतीस वर्षांपूर्वी ज्याच्याशी लढाई झाली होती, तोच हा शेजारी. त्याचा रणगाडा बासष्ट टनांचा. पूर्व तीरावर यायचा जवळचा रस्ता या एका पुलावरून, आणि पुलाच्या माथ्यावर, नोंदवहीत, नकाशात, सगळीकडे आकडा एकच: चाळीस टन. गुरुवारी तोच आकडा समितीपुढे गेला की पूल मार्गांच्या यादीतून बाद होणार होता. मग रणगाड्यांना दक्षिणेकडून वळसा. सहा तासांचे एकतीस तास. धावून यायचं हे करारात पक्कं लिहिलं होतं. किती वाजेपर्यंत, ते पुलांवर सोडलं होतं.

पूर्वेच्या सीमेपलीकडे गेले आठ महिने तिसऱ्याच देशाचं सैन्य जमत होतं. पूर्व तीरावर तीन लाख वस्तीचं शहर होतं. इंजिनीअरचं घर त्यातच होतं, आणि गुरुवारच्या आकड्याखाली सही तिची लागणार होती.

नुसत्या जाडीवर भागत नव्हतं. पोलाद कुठल्या जातीचं हे यंत्र सांगत नाही. तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवायचा तर तीन आठवडे. जात माहीत नसेल तर सगळ्यांत हलकी धरायची, असा नियम. तशी धरून तिने ट्रकच्या बॉनेटवरच आकडेमोड केली. बावन्न आले. दहा टन कमी.

तिने राजधानीत मोठ्या साहेबांना फोन लावला.

"नकाशात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बावीस."

"मग बावीस."

"लोखंड छत्तीस आहे, साहेब."

"असेल. पण लोखंडावर माझ्या आधीच्या साहेबांची सही नाही."

नकाशावर मात्र सह्या होत्या. तीन. चीफ इंजिनीअर वारले होते, आराखडा काढणारे ड्राफ्ट्समन वारले होते. तिसरी सही ओव्हरसीअरची होती, बारीक, उजवीकडे कललेली. ही सही इंजिनीअरने लहानपणी आपल्या प्रगतिपुस्तकावर दर तीन महिन्यांनी पाहिली होती.

*

वडील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कुकरचा दांडा बसवत होते. वय चौऱ्याहत्तर. ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची मुलगी त्याच विभागात इंजिनीअर झाल्यापासून ते तिला साहेब म्हणायचे. त्यात निम्मं कौतुक असायचं आणि निम्मा चिमटा.

"बोला साहेब."

"बाबा, पुलाची खालची पट्टी किती जाड आहे?"

"नकाशात बघ."

"नकाशात बावीस आहे."

"मग झालं तर."

"मी आज मोजली. छत्तीस भरली."

स्क्रू फिरवणारा हात थांबला नाही. "यंत्र तपासून घे. हल्लीच्या यंत्रांचा काही नेम नसतो."

"दोन यंत्रं लावली."

"मग दोन्ही तपासून घे."

ती समोरची खुर्ची ओढून बसली. बाबा ताकास तूर लागू देणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण उठून जाणं तिला परवडणारं नव्हतं. तिने गुरुवार, चार वाजता, बावन्न आणि बासष्ट हे सगळं एकामागून एक त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी दांडा हलवून पाहिला. घट्ट बसला होता. तरी पुन्हा उघडला.

"एकदा शब्द दिला की दिला," ते म्हणाले.

म्हणजे शब्द होता. "कोणाला दिला?"

"ज्यांना दिला ते गेले."

"मग आता?"

"ते गेले. शब्द कुठे गेलाय?"

"ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते उद्या येताहेत, बाबा. पाहुणे म्हणून."

"तेव्हाही येणारच होते. रणगाड्यात बसून."

"आज पूर्वेकडून कोणी आलं तर आपल्या बाजूने तेच उभे राहणार आहेत."

"आज. उद्याचं कोणी लिहून दिलंय?"

"लिहूनच दिलंय. त्याला करार म्हणतात."

"करार मी पुष्कळ पाहिले. त्यापेक्षा लोखंड पाहिलेलं बरं."

चौथीच्या भूगोलाच्या पुस्तकातलं एक वाक्य तिला अजून पाठ होतं: आपला देश लहान, रस्ते अरुंद, पूल हलके. शहरातले लोक स्वतःला हसताना म्हणायचे, आपण काय, चाळीस टनांची माणसं. कोणाच्या लग्नात जड आहेर आला तरी हीच थट्टा, पोराने परदेशात शिकायचं नाव काढलं तरी हीच. पोलादाचा कारखाना पूर्व तीरावर येता येता राहिला तो यंत्रं पुलावरून येणार नाहीत म्हणून. खोटं लिहिलं होतं शत्रूसाठी. अडतीस वर्षं ते मनावर घेतलं होतं आपल्याच लोकांनी.

"नवा ट्रान्सफॉर्मर आठवतो?" तिने विचारलं. "पंचावन्न टनांचा होता. पुलावरून येऊ दिला नाही. सुटा करून, दक्षिणेकडून आणायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं संध्याकाळी सातला वीज जायची. मी मेणबत्तीवर परीक्षा दिली."

"आठवतं."

"पूल तो पेलणार होता. तुम्हाला माहीत होतं."

ओव्हरसीअरनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "माहीत होतं," ते म्हणाले. मग जेवायला वाढ म्हणाले.

*

बुधवारी सकाळी शेजारी देशाच्या सैन्यातले कर्नल आले. समितीच्या आदल्या दिवशी पूल पाहून घ्यायचा त्यांचा रिवाज होता. पन्नाशीचे, काटकुळे, मूळचे पूल बांधणारे इंजिनीअर. इथली भाषा शिकून आले होते. व्याकरण धडधाकट होतं, उच्चार लंगडे. त्यांनी परांचीवर चढून गर्डरवर बोटाने टकटक केलं, एकोणीसचा आकडा ऐकला, भुवया उंचावल्या आणि कोणी बांधलाय हे विचारलं.

"बांधणाऱ्यांपैकी एकच हयात आहेत. माझे वडील."

"भेटतील?"

"भेटतील. बोलतील असं नाही."

"माझेही असेच आहेत," कर्नल म्हणाले.

दुपारी अडीच वाजता कर्नल ओव्हरसीअरच्या बैठकीत बसले. ओव्हरसीअरनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहऱ्यालाही इस्त्री केली होती. चहा आला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, त्याही हवेपाशीच संपल्या. इंजिनीअर दाराशी उभी राहून घड्याळाकडे बघत होती. बैठकीला पंचवीस तास उरले होते.

"तुमचा पूल आम्हाला पाठ आहे," कर्नल म्हणाले. "आमच्या सैनिकी शाळेत त्याच्यावर एक आख्खा तास असतो."

ओव्हरसीअरनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय शिकवतात?"

"हाताशी असलेला रस्ता आपलं वजन पेलत नसेल तर तो रस्ता नाहीच, असं. त्या लढाईत आमचे रणगाडे अठ्ठेचाळीस टनांचे होते. तुमच्या विभागातला नकाशा आमच्या माणसाने आधीच मिळवला होता. चाळीस टन. आमची तुकडी पश्चिम तीरावर येऊन चार दिवस उभी राहिली. पलीकडे शहर दिसत होतं, दिवे दिसत होते, पण जाता येत नव्हतं. पाचव्या दिवशी दक्षिणेकडे वळली. वाटेत असतानाच युद्धबंदी झाली. आम्हाला शिकवणारे मास्तर त्या तुकडीत होते. चार दिवस डब्यातले वाटाणे खाल्ले म्हणून त्यांनी आजवर वाटाण्याला हात लावलेला नाही."

ओव्हरसीअरनी हातातली बशी खाली ठेवली.

अडतीस वर्षांत त्यांना ही एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तुकडी आली होती आणि परत गेली होती, एवढंच शहराने पाहिलं होतं. कारण कोणी सेनापतीचं शौर्य सांगायचं, कोणी नदीचा पूर. ज्यांनी तो आकडा लिहिला त्यांनाही तो कोणी वाचला की नाही ते कळलं नव्हतं. चीफ इंजिनीअर ते न कळताच गेले.

"नकाशा तुमच्या माणसाने कधी नेला?" ओव्हरसीअरनी विचारलं.

"लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात."

"तळमजला. जिन्याखालचं कपाट."

कर्नलनी कप खाली ठेवला. "हो. आमच्या अहवालात आहे. कपाटाला कुलूप नव्हतं. विभाग बेफिकीर, असा शेरा आहे."

"कुलूप होतं," ओव्हरसीअर म्हणाले. "मी काढलं होतं."

आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांत पाणी आलं. इंजिनीअरने वडिलांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. अडतीस वर्षं एक विनोद पोटात घेऊन माणूस बसला होता, आणि तो ज्याच्यावर केला होता त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगण्यात गंमत नव्हती.

"अठ्ठेचाळीस काय घेऊन बसलात," ते डोळे पुसत म्हणाले, "सत्तर टन जातील त्याच्यावरून. तेव्हाही गेले असते."

"म्हणजे आम्ही चार दिवस..."

"वाटाणे खाल्लेत. हो."

कर्नल गालिच्याकडे बघत राहिले. करार झालेल्या देशाच्या अधिकाऱ्याला घरी बोलावून, चहा पाजून, तुम्ही मूर्ख बनलात असं सांगितल्यावर काय होतं, याचा नियम विभागाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. मग कर्नलच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"मास्तर अजून आहेत," ते म्हणाले. "त्यांना सांगायचं की नाही ते मला ठरवावं लागेल." मग पुढे झुकले, आणि आतला इंजिनीअर जागा झाला. "पुरावा काय? नुसत्या शब्दावर समिती सत्तर लिहिणार नाही."

"पट्टीवरच आहे," ओव्हरसीअर म्हणाले. "कारखान्यातून आलेल्या प्रत्येक पत्र्यावर ठसा असतो. जाडी आणि जात. आम्ही त्याच्यावर पुट्टी भरली आणि वरून रंग दिला. तिसरा खांब, खालची पट्टी, उजव्या कडेपासून दीड हात."

मग मुलीकडे वळले. "हलक्या हाताने खरवडायला सांगा, साहेब."

या वेळी त्यात चिमटा नव्हता.

*

गुरुवारी सकाळी मोजणीदाराने ते काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. वरचा राखाडी रंग निघाला, त्याखालचा राखाडी निघाला, मग हिरवा, मग लाल. मग दगडासारखी कडक झालेली पुट्टी. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने फडक्याने जागा पुसली आणि बाजूला सरकला.

"बाई, हे तुम्हीच वाचा. माझा चष्मा धुरकट झालाय."

चष्मा धुरकट झालेला नव्हता. ठसा स्वच्छ होता: छत्तीस, आणि त्यापुढे पोलादाच्या जातीचं चिन्ह. त्या काळी देशात मिळत होतं त्यातलं सगळ्यांत भारी पोलाद. आपल्या लहान, अरुंद, हलक्या देशाने ते अडतीस वर्षांहून जास्त काळ पोटाशी धरून ठेवलं होतं, आणि वर चार रंग चढवले होते. कर्नलनी ठशाचा फोटो काढला. इंजिनीअरने परांचीवर बसूनच नवा हिशोब केला, मग मोजणीदाराने केला, मग कर्नलनी आपल्या पद्धतीने केला. तिघांचा मेळ बसला.

समितीची बैठक सुरू होण्याआधीच मोठे साहेब जातीने हजर होते. त्यांनी जुना नकाशा उघडून बोट ठेवलं. "आणि ह्या तीन सह्यांचं काय करायचं?"

"राहू द्या की," इंजिनीअर म्हणाली. "त्यांनी त्यांचं काम चोख केलंय. आता शेजारी माझी येईल."

तीन वाजून बावन्न मिनिटांनी तिने सत्तर लिहिलं आणि सही केली. पूल यादीत राहिला.

पुढच्या बुधवारी सकाळी दहा वाजता शेजाऱ्याचा पहिला रणगाडा पश्चिम तीरावर आला. पुलाच्या तोंडाशी नवी पिवळी गोल पाटी लावलेली होती, तिच्यावर काळा सत्तर. दोन्ही तीरांवर माणसं जमली होती. दुकानदारांनी दुकानं अर्धी ओढून घेतली होती, शाळा रस्त्यावर आली होती. लढाई पाहिलेली म्हातारी माणसं पुढच्या रांगेत होती आणि हाताची घडी घालून उभी होती. हाच रंग, हाच खडखडाट त्यांनी याच तीरावर एकदा पाहिला होता, तेव्हा तळघरात जायचे आदेश होते.

खाली परांचीवर इंजिनीअर एका डायलशी होती. दुसऱ्या डायलशी मोजणीदाराच्या शेजारी ओव्हरसीअर बसले होते. त्यांना पास मिळवून द्यायला कर्नलनी दोन फोन केले होते.

हिशोब एकोणतीसचा होता. वरून बासष्ट टन आले. धूळ पडली, गर्डर गुरगुरला, काटा सरकू लागला. बारा. वीस. सव्वीस. मधल्या गाळ्यात रणगाडा ठरल्याप्रमाणे थांबला.

"बाबा?"

"एकोणतीस."

"काका?"

"मी पण तेच म्हणणार होतो. मला आधी विचारत नाही आता कोणी."

रणगाडा पुढे निघाला, पूर्व तीराला लागला, आणि काटा एकोणतीसवरून माघारी येत शून्यावर थांबला. अगदी शून्यावर. वर जो आवाज उठला तो आधी त्यांना रणगाड्याचाच वाटला. मग कळलं की माणसं आहेत. दुसरा रणगाडा आला, तिसरा आला, एकूण चौदा गेले. घडी घातलेले हात केव्हा सुटले ते कोणी पाहिलं नाही. शेवटच्या रणगाड्यामागून एक फळवाला आपली हातगाडी घेऊन थाटात पूल ओलांडून आला. पोलिसाने हटकलं तर म्हणाला, सत्तरच्या आत आहे, मोजून घ्या.

त्या दिवसापासून शहरात चाळीस टनांची माणसं हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू आलेला नाही. सत्तर मात्र उठता बसता ऐकू येतं.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, राजधानीत मोठ्या साहेबांच्या खोलीत ओव्हरसीअरना मानाने बोलावून घेतलं गेलं. समितीला एकच गोष्ट हवी होती: असे आणखी पूल किती? ही यादी कागदावर कुठेच नव्हती. इंजिनीअर वही घेऊन वडिलांशेजारी बसली, कर्नल समोर बसले. ओव्हरसीअर एकेक पूल आठवून सांगत गेले, खांब, पट्टी, कडेपासून किती हात, सगळं. संध्याकाळी पाचपर्यंत अकरा पूल झाले.

बाराव्याला ते थांबले. खुर्चीत मागे टेकले आणि कर्नलना विचारलं, "तुमच्या बाजूला असं काही नाही का? आता आपण एकाच रस्त्यावर आहोत म्हणून विचारतो. एक तुमचा सांगा, मग पुढचा माझा सांगतो."

मोठे साहेब खोकले. इंजिनीअरने वडिलांना थांबवलं नाही. पेन वहीवर टेकवून तीही कर्नलकडे पाहत राहिली.

कर्नल म्हणाले की हे त्यांना मुख्यालयात विचारावं लागेल. सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी संदेश पाठवला. शनिवारी दुपारपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. वहीत अकरा पुलांखाली बाराचा आकडा घातलेला आहे, आणि पुढची ओळ कोरी आहे.